भीती वाटली की आधी तारीख मोजा : नागपुरात एसटीडीची (संबंधातून लागणाऱ्या आजारांची) टेस्ट कधी, कुठं आणि कशी करायची

शनिवारी रात्री काहीतरी झालं आणि सोमवारी सकाळी लॅबचं शटर वर जायच्या आधीच दारात उभे, असे पोट्टे मला नेहमी दिसतात. पोरीही येतात, पण जरा उशिरा, आणि सोबत एक मैत्रीण असतेच. "मॅडम, सगळं चेक करून टाका." मग सगळं चेक होतं, पैसे जातात, रिपोर्ट निगेटिव्ह येतो, पोरगा खूश होऊन घरी जातो आणि त्या कागदाला शनिवारच्या रात्रीपुरती काडीची किंमत नसते, कारण दोन दिवसांत यातलं काहीच टेस्टमध्ये पकडलं जात नाही. झालं असलंच तर ते अजून दिसायचं बाकी असतं.

म्हणून हे लिहून राहिली. मी डॉक्टर नाही, नागपुरात पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, रक्त काढणं, सॅम्पल लावणं आणि काउंटरवर लोकांच्या हळू आवाजातल्या शंका ऐकणं हेच रोजचं. औषध कोणतं ते डॉक्टर सांगतील. मी सांगते ते एवढंच की कधी जायचं, कुठं जायचं, काय मागायचं आणि काय अजिबात करायचं नाही.

आधी कॅलेंडर काढा

इन्फेक्शन शरीरात शिरलं तरी टेस्टमध्ये दिसायला वेळ लागतो, या मधल्या काळाला विंडो पिरियड म्हणतात, आणि प्रत्येक आजाराचा तो वेगळा असतो. सगळा घोळ इथंच होतो.

गोनोरिया म्हणजे आपल्याकडे ज्याला परमा म्हणतात तो, आणि क्लॅमिडिया, हे दोन्ही युरीन नाहीतर स्वॅबच्या पीसीआर टेस्टमध्ये साधारण दोन आठवड्यांत दिसतात. एचआयव्हीची जी फोर्थ जनरेशन टेस्ट असते, जिला लॅबमध्ये कॉम्बो किंवा ड्युओ म्हणतात, ती ४५ दिवसांनी केली आणि निगेटिव्ह आली तर बऱ्यापैकी निर्धास्त व्हा. बोटातून रक्त घेऊन करतात ती साधी रॅपिड कार्ड टेस्ट असेल तर मात्र ९० दिवस धरा. सिफिलिस म्हणजे गरमी, त्याची व्हीडीआरएल बहुतेकांची सहा आठवड्यांत पॉझिटिव्ह होते पण शेवटचा शिक्का ९० दिवसांनीच. हेपेटायटिस बी आणि सी पण ९० दिवसांच्या टेस्टसोबत करून टाका, वेगळी चक्कर नको.

समजा १ जूनला विनाकंडोम संबंध आला. मग मोबाइलमध्ये तीन रिमाइंडर लावायचे: १५ जून युरीन नाहीतर स्वॅब, १६ जुलै एचआयव्ही कॉम्बो आणि व्हीडीआरएल, ३० ऑगस्ट पुन्हा एचआयव्ही, व्हीडीआरएल, हेपेटायटिस. बस. मधे रोज गुगल करून काही फायदा नाही, मधे काही लक्षण दिसलं तर मात्र तारखेची वाट न बघता डॉक्टरकडे जा, कारण तेव्हा डॉक्टर तपासून उपचार सुरू करतात, टेस्टसाठी थांबत नाहीत.

आणि हो, लगेच केलेली टेस्ट अगदीच वाया नसते, तुमचं आधीचं काय आहे ते तिच्यातून कळतं. पण तिला शेवटची समजू नका.

या ९० दिवसांत कोणासोबतही संबंध आला तर कंडोम. आणि एक गोष्ट हात जोडून सांगते, काही हुशार पोट्टे फुकटात टेस्ट होते म्हणून रक्तदान शिबिरात जाऊन बसतात. ब्लड बँक प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हेपेटायटिस बी, हेपेटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरियासाठी तपासणी करते हे खरं, पण विंडो पिरियडमध्ये तीही चुकू शकते आणि ते रक्त कोणाच्या तरी लहान पोराला चढतं. असं करू नका बे, खरंच. एचआयव्हीची टेस्ट तशीही सरकारीत फुकट आहे.

पहिले ७२ तास

एक प्रकरण असं आहे ज्यात थांबायचं नाही, धावायचं. कंडोम फाटला, किंवा लावलाच नव्हता आणि समोरच्याला एचआयव्ही असल्याची दाट शक्यता आहे, किंवा वापरलेली सुई टोचली, तर एचआयव्ही लागू नये म्हणून पीईपी नावाचा गोळ्यांचा कोर्स असतो. तो ७२ तासांच्या आत सुरू करावा लागतो, आणि जितका लवकर तितका चांगला, दोन तासांत सुरू झाला तर उत्तम. रोज गोळी, २८ दिवस, एकही न चुकवता. ७२ तास उलटले की मग उपयोग नाही.

म्हणजे शनिवारी रात्री झालं तर "सोमवारी ओपीडी उघडल्यावर बघू" असं नाही, रविवारीच निघा. मेडिकल (म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल) किंवा मेयो या सरकारी हॉस्पिटलांच्या कॅज्युअल्टीत जा आणि स्पष्ट सांगा की एचआयव्हीचा एक्स्पोजर झाला आहे, पीईपी पाहिजे. हाच शब्द वापरा, गोलगोल सांगत बसलात तर समोरचा अ‍ॅसिडिटीची गोळी देऊन पाठवेल. डॉक्टर धोका किती ते विचारून ठरवतात, प्रत्येकाला देतातच असं नाही. घेतली तर टेस्टच्या तारखा त्यांच्याकडूनच नव्याने लिहून घ्या, वर दिलेला हिशोब मग पुढे सरकतो. आणि पोरींनो, आय-पिल घेतली म्हणजे सगळं झालं असं नाही, ती गोळी फक्त दिवस राहू नयेत म्हणून असते, इन्फेक्शनशी तिचा काही संबंध नाही.

जबरदस्ती झाली असेल तर कोणतंही हॉस्पिटल, सरकारी असो की प्रायव्हेट, पैसे न घेता ताबडतोब उपचार द्यायला कायद्यानं बांधील आहे. आधी एफआयआर आणा असं म्हणून परत पाठवता येत नाही. ११२ किंवा महिलांसाठी १८१ लावा.

उन्हाळी लागली की दुसरंच काही

नागपूरचा मे महिना माहीतच आहे, पारा ४५ च्या वर, दिवसभर गाडीवर, पाणी कमी, मग लघवीला जळजळ होतेच. घरी आई म्हणते उन्हाळी लागली, सब्जा पी, धने-जिऱ्याचं पाणी पी. आणि बऱ्याचदा आईचं बरोबरच असतं, पाणी पोटात गेलं की दिवसभरात बरं वाटतं. पण याच उन्हाळीच्या नावाखाली कित्येक जण गोनोरिया अंगावर काढतात.

फरक कसा ओळखायचा? उन्हाळीत लघवी गडद पिवळी, कमी आणि जळजळणारी असते, पण तिच्यात पू नसतो. सकाळी उठल्यावर चड्डीवर पिवळा-हिरवट डाग दिसला, लघवीच्या जागेतून चिकट पांढरं-पिवळं बाहेर येऊन राहिलं, किंवा एका बाजूचा अंडकोश सुजून दुखतो आहे, तर धने-जिरे ठेवा बाजूला. गोनोरिया पुरुषांत साधारण २ ते ७ दिवसांत असा वर येतो. क्लॅमिडिया जरा उशिरा, एक ते तीन आठवड्यांत, पाणी पाणी जातं, किंवा काहीच होत नाही. हे "काहीच होत नाही" सगळ्यात वाईट. बायकांमध्ये तर क्लॅमिडिया आणि गोनोरिया बहुतेक वेळा गुपचूप असतात आणि वर्षानुवर्षं राहिले तर गर्भनलिका खराब करतात, मग मूल होत नाही म्हणून धंतोली-रामदासपेठेत आयव्हीएफच्या चकरा सुरू होतात आणि कोणालाच कळत नाही की सुरुवात कुठून झाली होती.

सिफिलिसची गंमत अशी की तो दुखत नाही. संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी (१० ते ९० दिवसांत कधीही) एक फोड येतो, कडक, न दुखणारा, आणि काही आठवड्यांत आपोआप भरून जातो. माणूस म्हणतो, बरं झालं. बरं काही झालेलं नसतं, तो आत गेलेला असतो. पुढं काही आठवड्यांनी-महिन्यांनी अंगावर पुरळ येतं, आणि तळहात-तळपायावर पुरळ आलं की डॉक्टरच्या डोक्यात घंटा वाजते, कारण साध्या अ‍ॅलर्जीत तिथं सहसा येत नाही. तेही जातं. मग वर्षांनी मेंदू, हृदय, डोळे. आणि हे सगळं सुरुवातीलाच पेनिसिलीनच्या एका डोसानं थांबवता येतं, म्हणून राग येतो. गरोदर बाईत तर बाळापर्यंत जातो, म्हणून डागा या बायकांच्या सरकारी हॉस्पिटलासारख्या ठिकाणी पहिल्याच तपासणीत एचआयव्हीसोबत सिफिलिस बघतात, त्या टेस्टला नाही म्हणू नका.

हर्पिसचे फोड मात्र दुखतात, छोटे, पाण्याचे, घोळक्यानं येतात, फुटतात, जातात आणि पुन्हा येतात. पूर्ण जात नाही पण गोळ्यांनी आटोक्यात राहतो आणि आयुष्य नीट चालतं. एचपीव्ही नावाच्या व्हायरसच्या काही जातींनी चामखिळी येतात, काही जातींनी काहीच दिसत नाही पण त्याच पुढं गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर करू शकतात, त्यावर शेवटी लसीच्या भागात बोलू.

आता जे एसटीडी नाही तेही सांगते, कारण अर्धी गर्दी त्याचीच असते. जांघेतली गोल लाल खाज बहुतेक वेळा गजकर्ण असतं, घामानं आणि घट्ट जीन्सनं येतं, आणि मेडिकल स्टोअरमधून तीन औषधं एकत्र असलेली जी ट्यूब आणता ना, तिच्यातल्या स्टेरॉइडनं चार दिवस बरं वाटतं आणि मग दुप्पट पसरतं. बायकांना अंगावरून थोडं पांढरं जाणं, विशेषतः पाळीच्या मधल्या दिवसांत, नॉर्मल आहे. दह्यासारखं घट्ट आणि सोबत भयंकर खाज असेल तर बहुधा बुरशी, शुगर असलेल्यांना जास्त होते. उग्र वासाचं, पिवळं-हिरवं, किंवा ओटीपोटात दुखणं आणि ताप सोबत, हे मात्र लगेच दाखवायचं. आणि लघवीतून धातू (वीर्य) जातो म्हणून घाबरलेले जे भाऊ असतात त्यांना काहीच झालेलं नसतं. बसस्टँडच्या भिंतीवर नि उड्डाणपुलाच्या खांबांवर जे "गुप्तरोग, शर्तिया इलाज" चिकटवलेलं असतं ना, त्यांचा अर्धा धंदा या भीतीवरच चालतो.

एकाच ताटात सावजी खाल्लं, एकच टॉवेल वापरला, सुलभमध्ये गेलो, डास चावला, यानं एचआयव्ही होत नाही. हा प्रश्न अजूनही दर आठवड्याला येतो.

गोळी आधी नको

सगळ्यात जास्त वाट लावणारी सवय हीच. पू दिसला की पोरगा मित्राला विचारतो, मित्र म्हणतो माझ्यावेळी अमुक गोळी चालली होती, मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय देतो, दोन दिवस बरं वाटतं. मग आमच्याकडे टेस्टला येतो तेव्हा अर्धवट दबलेला जंतू टेस्टमध्ये धड दिसत नाही, आणि तो मेलेलाही नसतो. गोनोरियाचा जंतू फार बनेल आहे, पूर्वी सिप्रोफ्लॉक्सासिननं जायचा, आता त्याला जुमानत नाही, इतरही औषधांना हळूहळू जुमानेनासा होऊन राहिला आहे. आधी सॅम्पल द्या, मग गोळी. तीन दिवसांपूर्वी काही घेतलं असेल तर ते पाकीट सोबत घेऊन या, लपवू नका.

कुठं जायचं

एचआयव्हीची टेस्ट सरकारी आयसीटीसीमध्ये, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, फुकट होते. मेडिकल, मेयो, डागा अशा सगळ्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलांत हे सेंटर असतं, आणि जवळचं कोणतं ते नॅकोच्या (सरकारची राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्था) १०९७ या टोल फ्री नंबरवर विचारा, मराठीत बोलतात, नाव सांगायची गरज नाही. बाकी गुप्तरोगांसाठी सरकारी हॉस्पिटलात सुरक्षा क्लिनिक असतं, बोर्ड सापडला नाही तर स्किन ओपीडी कुठं ते विचारा, नुसतं "स्किन" म्हणा, मागं उभ्या माणसाला काय कळतं, गजकर्णवालेही तिथंच जातात.

सुरक्षा क्लिनिकची एक गोष्ट मला आवडते, तिथली औषधं रंगीत किटमध्ये येतात. पू जात असेल तर राखाडी, बायकांच्या योनीतल्या इन्फेक्शनसाठी हिरवी, न दुखणाऱ्या फोडासाठी पांढरी, हर्पिससाठी लाल, असं. रिपोर्टची वाट न बघता लक्षणं तपासून त्याच दिवशी किट देतात आणि पार्टनरसाठीही देतात. प्रायव्हेटमध्ये हेच करायला तीन व्हिजिट लागतात कधीकधी.

आयसीटीसीत काय होतं म्हणून घाबरणाऱ्यांसाठी: आधी काउन्सेलर एकट्याला बसवून बोलतो, प्रश्न विचारतो, कोणासोबत, केव्हा, कंडोम होता का. हे प्रश्न ऐकून कान गरम होतात, पण तो दिवसभर हेच ऐकतो, त्याला तुमच्यात काही विशेष वाटत नाही. मग संमतीची सही, थोडं रक्त, आणि बहुतेक वेळा त्याच दिवशी निकाल, तोही बंद खोलीत. पहिली टेस्ट रिअ‍ॅक्टिव्ह आली तर वेगवेगळ्या किटनी अजून दोन करतात, तीनही जुळल्या तरच पॉझिटिव्ह म्हणतात. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, त्यानुसार तुमच्या संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही, निकाल दुसऱ्याला असाच सांगता येत नाही, आणि त्यावरून नोकरीवरून काढता येत नाही. वय १८ च्या खाली असेल तर पालकांची संमती लागते, म्हणून घरातल्या एखाद्या भरवशाच्या मोठ्या माणसाला आधी सांगा.

ओळखीचं कोणी दिसेल ही भीती मला पूर्ण समजते, नागपूर एवढं मोठं झालं तरी कोणाचा तरी काका कुठंतरी असतोच. मग महाल भागातल्यानं मेयोऐवजी मेडिकल गाठावं, किंवा सरळ मिहानमधलं एम्स गाठावं, शहराच्या बाहेर आहे, तिकडे तुमच्या गल्लीतलं सहसा कोणी भेटत नाही. गे आणि ट्रान्स मित्रमैत्रिणींना नागपुरात सारथी ट्रस्ट आहे, आधी तिथं बोललं की पुढची वाट सोपी होते.

बायकांना स्त्रीरोगतज्ज्ञाकडे "लग्न झालं का?" हा प्रश्न येणारच. उत्तर फिरवायची गरज नाही, "लग्न झालं नाही, पण संबंध आले आहेत, इन्फेक्शनची तपासणी करायची आहे" एवढं एक वाक्य घरूनच पाठ करून जा. पुढं लेक्चर सुरू झालं तर ऐकत बसू नका, डॉक्टर बदला.

प्रायव्हेट लॅबमध्ये येणार असाल तर

सगळ्यात आधी मोबाइल नंबर. हे कोणी सांगत नाही. लॅबच्या सिस्टीममध्ये घरातल्या सगळ्यांची नावं एकाच नंबरवर असतात, कारण मागच्या वर्षी डेंग्यूच्या वेळी बाबांच्या नंबरवर रजिस्टर केलेलं असतं. तुम्ही नाव सांगता, काउंटरवरची मुलगी जुनं खातं उघडते, आणि संध्याकाळी रिपोर्टची पीडीएफ बाबांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर. म्हणून आल्याबरोबर म्हणा, "नवीन रजिस्ट्रेशन करा, हा माझा नंबर, रिपोर्ट फक्त यावरच," आणि पावतीवर नंबर तपासून मगच निघा. होम कलेक्शन मागवत असाल तर घरी कोण असणार आहे ते बघा, बॅग घेऊन आलेल्या पोराला दारात आईच भेटते आणि आईचा पहिला प्रश्न "कशाची टेस्ट आहे बाळा?"

युरीनचं सॅम्पल. शुगर किंवा किडनीसाठी आम्ही नेहमी सांगतो की पहिली धार सोडा आणि मधली पकडा. गोनोरिया-क्लॅमिडियाच्या पीसीआरसाठी बरोबर उलटं: पहिलीच धार पाहिजे, थोडीच, २०-३० मिली, आणि त्याआधी निदान एक तास लघवी केलेली नको. पूर्ण डबी भरली की जंतू पातळ होतात. डबी देणारा घाईत असेल तर तुम्हीच विचारा, "पहिली धार ना?" बायकांसाठी युरीनपेक्षा योनीतला स्वॅब चांगला. तोंडानं किंवा मागून संबंध झाला असेल तर घशाचा नाहीतर गुदद्वाराचा स्वॅब लागतो, नुसती युरीन दिली तर तिथलं इन्फेक्शन सुटून जातं. आम्ही विचारत नाही, लाजतो, तुम्ही सांगता का? नाही. मग दोघं मिळून चुकीची टेस्ट करतो.

"फुल एसटीडी पॅनल" नावाची जी महागडी पॅकेजं असतात ती बहुतेकांना लागत नाहीत. त्यात हर्पिसचा आयजीएम (रक्तातल्या अँटिबॉडीची टेस्ट) हमखास असतो आणि ती टेस्ट माझ्या मते फक्त झोप उडवायच्या कामाची आहे, खोटी पॉझिटिव्ह फार येते. फोड असेल तर त्या फोडाचा स्वॅब घेऊन पीसीआर करा, फोड नसेल तर हर्पिसची टेस्ट सोडून द्या.

रिपोर्ट हातात आल्यावर

व्हीडीआरएल रिअ‍ॅक्टिव्ह म्हणजे सिफिलिस पक्का असं नाही. गरोदरपण, मलेरिया, कुष्ठरोग, काही सांध्यांचे आजार यातही ती थोडी वर येते. म्हणून टीपीएचए ही सिफिलिसची दुसरी टेस्ट करून खात्री करतात. रिपोर्टवर १:८, १:३२ असे आकडे असतात, तो जपून ठेवा, कारण इंजेक्शन झाल्यावर हाच आकडा खाली येतो का ते बघायचं असतं, ३२ चा ८ झाला की औषधानं काम केलं. टीपीएचए मात्र बहुतेकांची आयुष्यभर पॉझिटिव्हच राहते, बरं झाल्यावरही, तेव्हा पाच वर्षांनी दुसऱ्या लॅबमध्ये ती पाहून पुन्हा घाबरू नका.

प्रायव्हेटमध्ये एचआयव्ही रिअ‍ॅक्टिव्ह आला तर त्या एका कागदावर काहीही ठरवायचं नाही, सरळ आयसीटीसीत जाऊन तीन किटवाली टेस्ट करून घ्यायची. तिथंही पॉझिटिव्ह आला तर एआरटी सेंटरमध्ये, म्हणजे एचआयव्हीच्या सरकारी उपचार केंद्रात, औषध फुकट मिळतं, देशात हे २००४ पासून सुरू आहे, आणि २०१७ पासून सीडी४ (रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा) किती आहे ते न बघता लगेच सुरू करतात. रोज गोळी घेऊन रक्तातला व्हायरस मोजण्याइतका उरला नाही आणि तसाच राहिला, तर संबंधातून तो पुढं जात नाही. लग्न होतं, निरोगी मुलं होतात. ही माहिती ज्याला त्या दिवशी हवी असते त्याला त्या दिवशी काही ऐकू येत नाही, म्हणून सोबत कोणीतरी न्या.

कंडोम, आणि डिक्कीतला कंडोम

कंडोम एचआयव्ही, गोनोरिया, क्लॅमिडिया यांना उत्तम अडवतो. हर्पिस, एचपीव्ही, सिफिलिस हे कातडीला कातडी लागून पसरतात, झाकल्या न गेलेल्या भागातूनही, म्हणून तिथं तो धोका कमी करतो, शून्य नाही. तरी लावायचाच.

पण नागपुरात आपण त्याला ठेवतो कुठं? ॲक्टिव्हाच्या डिक्कीत. मे महिन्यात फुटाळ्यावर दोन तास उन्हात उभी असलेली डिक्की उघडून हात लावून बघा कधी. लेटेक्स उष्णतेनं खराब होतं, चिरतं, आणि वरून पाकीट अगदी नवीन दिसतं. पैशांच्या पाकिटातही कंडोम महिनोन्‌महिने बसून घासला जातो. घरात कपाटात, थंड जागी ठेवा, निघताना एक-दोन खिशात घ्या. वापरायच्या आधी एक्स्पायरी बघा, पाकीट दाबून बघा, आत हवेचा फुगवटा लागला तर ठीक, चपटं झालं असेल तर फेका. दातानं फाडू नका. खोबरेल तेल, व्हॅसलीन, बॉडी लोशन यातलं काहीही लावायचं नाही, तेलानं लेटेक्स मिनिटांत कमजोर होतं, पाण्यावर आधारलेलं ल्युब्रिकंट घ्या. दोन एकावर एक घालणारे महाभागही भेटतात, ते घासून उलट लवकर फाटतात.

विकत घ्यायची लाज वाटत असेल तर सरकारी दवाखान्यात आणि आयसीटीसीत निरोध फुकट मिळतो.

ज्यांचा धोका वारंवार असतो, म्हणजे पार्टनर बरेच आहेत किंवा पार्टनरला एचआयव्ही आहे आणि औषध नुकतंच सुरू झालं आहे, त्यांनी डॉक्टरला प्रेपबद्दल विचारावं, ती गोळी आधीपासून घेतात. ती फक्त एचआयव्ही अडवते, बाकीच्यांना नाही, आणि सुरू करण्याआधी एचआयव्ही आणि किडनीची टेस्ट लागते.

पार्टनरला सांगणं

इथं सगळे अडकतात. तुम्ही औषध घेतलं, बरे झाले, पार्टनरला सांगितलं नाही, आठवड्यानं तेच परत. मग म्हणता औषध चाललं नाही. दोघांनी एकत्र घ्यायचं आणि गोनोरिया-क्लॅमिडियात शेवटच्या डोसनंतर सात दिवस संबंध नाही. तीन महिन्यांनी पुन्हा एक टेस्ट.

शब्द सुचत नसतील तर असं टाइप करा: "ऐक ना, माझी तपासणी झाली, एक इन्फेक्शन निघालं, औषधानं बरं होतं. तुलाही लक्षण नसलं तरी असू शकतं म्हणून चेक करून घे. कोणाकडून आलं ते मला माहीत नाही, भांडायला मेसेज केला नाही." आणि आजाराचं नाव टाका, म्हणजे डॉक्टरला सांगता येतं. शेवटचं वाक्य खरंच आहे, कारण यातले बरेच आजार महिनोन्‌महिने गुपचूप बसतात, आज सापडला म्हणजे मागच्या आठवड्यात आला असं मुळीच नाही. नवराबायकोत हे जास्त अवघड जातं हे मी काउंटरवरून बघते, नवरा स्वतःची टेस्ट गुपचूप करतो, गोळी घेतो, आणि बायको डागात ओटीपोट धरून बसलेली असते. तोंडानं निघत नसेल तर काउन्सेलरला सांगा, तो दोघांना एकत्र बसवून बोलतो, त्याचं कामच ते आहे. घरी मारहाणीची भीती असेल तर एकटीनं सांगायला जाऊ नका, आधी काउन्सेलरशीच बोला.

लस

दोन आजारांवर लस आहे आणि ती सेक्स सुरू व्हायच्या आधी घेतली तर सगळ्यात चांगली. एचपीव्हीची एक लस आता आपल्या पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची पण आहे, सर्व्हाव्हॅक, २०२३ पासून मिळते. ९ ते १४ वयात दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतरानं. १५ ते २६ मध्ये तीन डोस, पहिला आज, दुसरा दोन महिन्यांनी, तिसरा सहा महिन्यांनी. मुलग्यांनाही देतात, हे बऱ्याच डॉक्टरांकडेही विचारूनच कळतं. संबंध सुरू झाले असतील तरी घ्या, ज्या जातींचा संसर्ग अजून झालेला नाही त्यांच्यापासून वाचवते. आणि लस घेतली तरी तिशीनंतर गर्भाशयमुखाची तपासणी करायचीच.

हेपेटायटिस बीची लस लहानपणी मिळाली की नाही हे आज विशी-पंचविशीच्या पुढं असलेल्या बऱ्याच जणांना माहीतच नसतं, कारण सरकारी लसीकरणात ती देशभर २०११ च्या सुमारास आली. आईला जुनं कार्ड विचारा. कार्ड नसेल तर एचबीएसएजी (इन्फेक्शन आहे का) आणि अँटी-एचबीएस (संरक्षण आहे का) या दोन टेस्ट करा, दोन्ही निगेटिव्ह असतील तर तीन डोस: आज, एका महिन्यानं, सहा महिन्यांनी. तिसरा डोस लोक हटकून विसरतात, पण पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिलेला डोस घेऊन टाकायचा.